रंजनाची सूज उतरली तेव्हा

मी हे लिहून आणलं आहे. एरवी मी कागद घेऊन बोलत नाही, हे गावाला माहीत आहे. पण परवा मला कळलं, की रंजना गेल्यापासून आपल्या गावातल्या आणखी एका घरात गोळ्या बंद झाल्या आहेत. तिला होत्या तशाच गोळ्या. त्या घरात त्या गोळ्या एका लहान मुलाला चालू होत्या. म्हणून मी लिहायला बसले. तोंडी बोललेलं या गावात वरच्या आळीतून खालच्या आळीत जाईपर्यंत बदलतं. आज या शोकसभेत माझा एकही शब्द बदललेला मला चालणार नाही. एका शब्दापायी आपण एक माणूस घालवून बसलो आहोत.

हिराकाकू, नरेश, रंजनाच्या माहेरची मंडळी, ग्रामस्थहो. मला बोलणं जड जातं आहे. पण शेवटपर्यंत वाचेन. मधे कुणी उठू नका.

माहेरची मंडळी तळा गावाहून आली आहेत, ती मला ओळखत नाहीत, म्हणून सांगते. मी कुंदा पाटील. मुंबईला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, त्याला किती वर्षं झाली ते सोडा. पुढे नोकरीभर अलिबागला लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. गावात मला लॅबवाल्या ताई म्हणतात. मी डॉक्टर नाही. डॉक्टर असल्यासारखी बोलते, असं मागून म्हणतात, तेही मला माहीत आहे.

आणि हा माइक. ज्या माइकसमोर मी उभी आहे तो रंजनाचा आहे. इथे पंचायतीत मागे जी छोटी खोली आहे, ती स्पीकरची खोली. पंचायतीची प्रत्येक सूचना रंजना तिथे बसून द्यायची. नळाला पाणी कधी सुटणार, लस कधी मिळणार, रेशन कधी येणार. गावाने सकाळी डोळे उघडले की पहिला आवाज तिचा. सरळ सूचना द्यायला मात्र तिला कधी जमलं नाही. एकदा म्हणाली, "वरच्या आळीतली एक शेळी पंचायतीच्या अंगणात आलेली आहे. मालकाने तिला घेऊन जावं. तिने दाखल्याचा एक अर्ज खाल्लेला आहे, तेव्हा दाखला आता शेळीच्या नावाने निघेल." सरपंच रागावले होते. नंतर तेच ही गोष्ट पाहुण्यांना सांगत सुटले.

असा तो आवाज. तो बिघडला तेव्हा आपण सगळ्यांनी ऐकला. लक्षात ठेवा, तिचा आजार या गावाने स्पीकरवर ऐकला आहे.

मागच्या वर्षी होळी होऊन गेली होती. आधी तिचे शब्द चुकू लागले. नळाला ती दार म्हणायची. हिराकाकूंना एक दिवस तिने विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" काकूंना वाटलं, सून थट्टा करते. रंजना थट्टा करायचीच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग रात्रीची झोप गेली. मग एका भर दुपारी स्पीकर सुरू झाला. ती दुपार इथल्या कुणाला आठवत नाही असं मला सांगू नका.

"ग्रामस्थांना कळवण्यात येतं की उद्या पाणी येणार नाही." इथपर्यंत ठीक होतं. मग पुन्हा तेच. मग पुन्हा तेच. मग आवाज बदलला. "पाणी येतंय. बांध फुटला. घरं सोडा. पाणी येतंय."

लोक जेवती ताटं टाकून उठले. पुरुष बांधाकडे धावले. बांध जागच्या जागी होता. खाडीला ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. मी स्पीकरच्या खोलीत गेले तर रंजना माइक दोन्ही हातांनी धरून बसली होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी हाताला हात लावला तेव्हा तिचा जबडा आवळला आणि अंग ताठ झालं. ती फिट होती. मी अशा फिट पाहिल्या आहेत.

खोलीच्या दारात बायका उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "वारं आलंय तिच्या अंगात." दुसरी म्हणाली, "वारं न्हाय, खाडीवरचं कुनीतरी धरलंय." कुणी कोण ते मी सांगत नाही. दोघी इथे आहेत. त्या दिवशी सगळं गावच तसं बोलत होतं.

तिला आधी भगताकडे नेलं. तिथे दिवस गेले. तिचा नवरा नरेश तेव्हा ट्रक घेऊन गुजरातेत होता. तो आला आणि थेट माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "ताई, ती माझं नाव इसरली." बस. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला गाडीत घालून रो-रोने मुंबईला नेलं. बोटीवर तिला पुन्हा फिट आली. हिराकाकूंनी आपल्या पदराचा बोळा तिच्या दातांत घातला. तसं करू नये, पण त्या वेळी मी काही बोलले नाही. काकू त्या सबंध प्रवासात रंजनाचं डोकं मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हत्या. ही सासू कशी होती, ते आधी नीट ऐकून ठेवा. पुढे जे सांगायचं आहे त्याच्या आधी हे ऐकून ठेवा.

मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदूला सूज आहे."

तो शब्द पहिल्यांदा तिथे आला. सूज.

डॉक्टर निघून गेल्यावर हिराकाकूंनी रंजनाचं डोकं सगळीकडून चाचपून पाहिलं. मला म्हणाल्या, "कुंदाबाय, सूज कुठं हाय? डोकं तर सारखंच हाय." मी त्यांना सांगितलं, आत आहे, हाताला लागायची नाही. काकूंनी मान हलवली. मला वाटलं, समजलं.

मग पाठीतलं पाणी काढायची वेळ आली. नरेशचा चेहरा उतरला. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुणी पाहिलेलं नसतं, पण माहीत असतं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या या आजारावर संशोधन करतात. त्यांनी नरेशला समोर बसवलं आणि सुई कुठे जाते, किती पाणी निघतं, पुन्हा कसं तयार होतं, हे सगळं समजावलं. मग म्हणाल्या, तपासणीला लागतं त्याहून थोडं जास्त घेऊन एक कुपी संशोधनासाठी ठेवायची आमची इच्छा आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार तेच होतील.

तेव्हा नरेशने सही केली. रंजना शुद्धीवर आल्यावर, तिला गोष्टी कळायला लागल्यावर, त्या बाईंनी तिलाही पुन्हा विचारलं. मी तिथे होते. रंजना म्हणाली, "माझं पाणी घेऊन तुम्ही करणार काय?"

बाई म्हणाल्या, "तुमच्या मेंदूवर कोण चालून गेलं, ते शोधणार."

"सापडलं की मला सांगा. स्पीकरवरून नाव जाहीर करते."

मग तिने सही केली. स्वतःची सही तिला तेव्हा नीट येत नव्हती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आली.

बाईंनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. जंतू आले की त्यांच्याशी लढायला शरीर आपली फौज ठेवतं. अंगाला गळू होतं, लाल होतं, ठणकतं, ती त्या लढाईची खूण असते. रंजनाच्या बाबतीत ही फौज चुकली. ती तिच्या स्वतःच्या मेंदूवर चालून गेली. का गेली? मी हाच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "अजून माहीत नाही. काहींच्या बाबतीत कारण सापडतं, काहींच्या नाही. म्हणून तर कुप्या ठेवतो." मला ते उत्तर आवडलं. आयुष्यभर लॅबमध्ये काढल्यावर एवढं कळतं, की माहीत नाही असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

फौज आवरायला आधी सलाइनमधून औषध दिलं. मग गोळ्या. रोज सकाळी, खाऊन मग घ्यायच्या. डॉक्टरांनी नरेशला बजावलं, मला बजावलं, काकूंना बजावलं, की या गोळ्या आम्ही हळूहळू कमी करू. तुम्ही स्वतः एकदम थांबवायच्या नाहीत. काहीही झालं तरी नाही. आणि जाता जाता डॉक्टर काकूंना दिलासा म्हणून म्हणाले, "काळजी करू नका आजी. या गोळ्यांनी सूज उतरेल."

वाक्य बरोबर होतं. डॉक्टरांचा एक शब्दही खोटा नव्हता.

रंजना घरी आली. हळूहळू शब्द परत आले. एक दिवस सकाळी स्पीकर खरखरला आणि गाव जागच्या जागी थांबलं. "ग्रामस्थांना कळवण्यात येतं की उद्या पाणी येणार नाही. आणि या वेळेला खरंच येणार नाही." आठवतं? नळावर बायका हसत हसत रडल्या होत्या.

सगळं परत आलं नव्हतं. आठवण कच्ची राहिली होती. सकाळी गोळी घेतली की नाही, हे तिला दुपारी सांगता यायचं नाही. म्हणून गोळ्या हिराकाकूंकडे होत्या. सकाळी पेजेबरोबर काकू तिच्या तळहातावर गोळी ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

आणि मग तिचं तोंड सुजायला लागलं.

या गोळ्यांनी तसं होतं. चेहरा गोल होतो, गाल भरतात, मानेमागे मांस येतं. गोळी कमी झाली की तेही कमी होतं. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि रोज समोर दिसणारं, यात माणूस कशावर विश्वास ठेवतो?

नळावर बायका म्हणायला लागल्या, "काय गो रंजना, सासू लोणी खायला घालते काय?" रंजना म्हणायची, "व्हय, तुमच्याच घरचं चोरून आनते." ती हसून न्यायची. पण काकू ऐकत होत्या. एकीने काकूंना बाजूला घेऊन विचारलं, "डाक्टर सूज उतरंल म्हनले ना? मग ही वाढली कशी?" दुसरीने विचारलं. तिसऱ्याने विचारलं. देवळाच्या पारावर विचारलं, एसटीत विचारलं, हळदीकुंकवाला विचारलं. मी कुणालाही एकट्याला दोष देत नाही. सगळ्यांनी काळजीनेच विचारलं. पण विचारलं.

आता मी जे सांगणार आहे ते हिराकाकूंना विचारून सांगते आहे. काल दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसले होते. मी म्हटलं, काकू, मी उद्या बोलणार आहे. तुमचं नाव घेणार नाही. काकू म्हणाल्या, "घे. माझंच नाव घे. न्हायतर लोक तिलाच नाव ठेवतील, तिनं गोळ्या चुकवल्या म्हनून. तिनं न्हाय चुकवल्या."

हिराकाकूंनी गोळ्या बंद केल्या. त्यांनी हिशोब केला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी सूज उतरेल. गोळ्या चालू आहेत आणि सूज वाढते आहे. म्हणजे गोळ्या उलट्या लागल्या. मुंबईला फोन लावला तर कुणी घेत नाही, घेतला तर बोलणं कळत नाही. नरेश ट्रकवर. मी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला. पोर तर डोळ्यांसमोर सुजते आहे. मग काकूंनी गोळ्या तांदळाच्या पिंपात खाली दाबून ठेवल्या आणि रंजनाला सांगितलं, डॉक्टरांचा फोन आला होता, गोळ्या सुटल्या. रंजनाने विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीवर तिचा भरवसा नव्हता. सासूवर होता.

आता पुढचं ऐका. मला यातलं हेच सर्वांत भयंकर वाटतं.

सूज उतरली.

गोळ्या बंद झाल्यावर काही आठवड्यांत तिचा चेहरा पहिल्यासारखा व्हायला लागला. गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले. आणि गावाने तिचं कौतुक केलं. "बघ गो, कशी बरी दिसतेस." "उतरली एकदाची." काकूंनी देवीला ओटी भरली. घरात गोड केलं. जे ताटावर बसले होते त्यांपैकी कितीतरी जण आज इथे खाली बसले आहेत.

ती दिसायला बरी होत होती आणि आतून संपत होती.

आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मला हे नंतर नीट सांगितलं. ही गोळी जे काम करते, त्यातलं थोडं काम शरीर रोज स्वतःच करत असतं. तसलाच एक रस आपण आपला बनवतो. त्याच्या जोरावर आपण ताप सोसतो, जुलाब सोसतो, उपास सोसतो. पण गोळी बरेच महिने बाहेरून मिळाली की शरीर तो रस बनवायचं बंद करतं. ते काम पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळी हळूहळू कमी करायची. एकदम थांबवली, तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. माणूस हिंडतो, फिरतो, हसतो. आणि एक दिवस त्याला साधा ताप येतो.

रंजनाला साधा ताप आला. घरोघर येतो तसा. उलट्या झाल्या. काकूंनी लिंबूसरबत दिलं, ते राहिलं नाही. दुपारी ती म्हणाली, मला उभं राहवत नाही. संध्याकाळी हात गार पडले. शेजारच्यांनी रिक्षात घातलं. अलिबागच्या वाटेवर ती गेली. डॉक्टरांनी नंतर विचारलं, गोळ्या चालू होत्या का? तेव्हा बाकी कुणालाच काही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांची बोलायची ताकद गेली होती.

तेराव्यानंतर हिराकाकू माझ्याकडे आल्या. पदराखाली पुडकं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. तांदळाचं पीठ लागलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. म्हणाल्या, "सूज उतरली गो, कुंदाबाय. मग ती का गेली?"

मी त्यांना उत्तर दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं. मधे तोंड फिरवलं नाही. या गावात अशी हिंमत मी फार कमी पाहिली आहे. तेव्हा आज सभा सुटल्यावर जर कुणी काकूंच्या पाठीमागे कुजबुजलं, तर मी त्याला नाव घेऊन विचारेन, की तू नळावर काय म्हणाला होतास. लक्षात ठेवा.

इथे मला थांबता आलं असतं. पण गोष्ट थांबलेली नाही.

गेल्या उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली. खालच्या शेतांत खारं पाणी शिरलं. आणि त्याच संध्याकाळपासून गावात बोलणं सुरू झालं. रंजनाने सांगितलं होतं. बांध फुटणार, पाणी येणार, ती बोलली होती. ती आजारी नव्हतीच, तिला दिसत होतं. मुंबईला नेऊन तिचा आवाज गोळ्यांनी दाबला, म्हणून ती गेली. आणि तिचं पाणी मुंबईला बाटलीत अडकलं आहे, ते परत आणल्याशिवाय ती सुटायची नाही. स्पीकरच्या खोलीत संध्याकाळनंतर आवाज येतो म्हणे. तेव्हापासून त्या खोलीत कुणी पाऊल टाकलेलं नाही. पाणी सुटायची सूचना मिळत नाही, बायका रिकाम्या कळश्या घेऊन नळावर बसतात, पण त्या खोलीत कुणी जात नाही.

काल नरेशने कुलूप काढून दिलं आणि मी त्या खोलीत गेले. आवाज येतो. खरंच येतो. तिने शेवटची सूचना दिली त्या दिवसापासून मशीन कुणी बंदच केलेलं नव्हतं. ते गुरगुरत होतं. मी बटण दाबलं. आवाज थांबला. पण खरं सांगते, थांबल्यावर मला जास्त भीती वाटली.

आता बांधाचं. मी शेतकऱ्याच्या घरची आहे, बांध मला कुणी शिकवू नये. तो बांध खेकड्यांनी पोखरलेला होता. वरून सुका, वरून टणक, त्यावरून मोटरसायकली जात होत्या. बिळं आत होती. वरून बघून आपण म्हणालो, बांध बरा आहे. भरती येईपर्यंत तो बराच होता. रंजनाला भविष्य दिसलं नव्हतं. रंजनाच्या मेंदूत आग होती आणि मदतीसाठी ती ओरडत होती. तिच्या तोंडी बांध आला, कारण या गावात राहणाऱ्या माणसाच्या मनात सगळ्यांत मोठी भीती तीच असते. आपण धावत बांधाकडे गेलो. तिच्यासाठी डॉक्टरकडे कुणी धावलं नाही.

आणि ती कुपी. ती परत येणार नाही. मी त्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. रंजना गेल्याचं सांगितलं. मग विचारलं, कुपी कुठे आहे? म्हणाल्या, थंड कपाटात. तिच्यावर नाव नाही, क्रमांक आहे. उद्या दुसऱ्या कुणाची अशीच कुपी आली की दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल. रंजनाने शुद्धीत, तीनदा प्रयत्न करून सही केली आहे. ती सही पुसायचा अधिकार मला नाही, नरेशला नाही, गावालाही नाही. तिथे ती अडकलेली नाही. तिथे ती अजून कामावर आहे.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले त्याकडे येते.

एक घर आहे. नाव मी घेणार नाही. त्या घरातल्या मुलाला दुसराच आजार आहे, पण गोळी याच जातीची आहे आणि बरेच महिने चालू होती. त्याचाही चेहरा गोल झाला होता. रंजना गेल्यावर त्या घराने ऐकलं, की ती गोळ्यांनी मेली. त्यांनी गोळ्या खाडीत टाकल्या. मी परवा त्यांच्या दारात गेले होते. आजोबा ओटीवर आले. म्हणाले, "पोर मामाकडं गेलंय." आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, मग आत कोण खोकतंय? ते म्हणाले, "तू आता जा, ताई. आमच्या घरात तुझी लॅब नको." आरोग्य केंद्राच्या आशाताई गेल्या, त्यांनाही तेच उत्तर. डॉक्टर स्वतः गेले, तर दाराला कडी होती.

आजोबा, मला राग नाही. तुम्हाला एवढंच सांगते. मुलाचा चेहरा उतरत असेल. ते बरं दिसत असेल. शेजारी म्हणत असतील, बघा, उतरली सूज. हिराकाकूंनी हेच ऐकलं होतं. अगदी हेच. आणि खोकला आला आहे, म्हणजे ताप येईल. मग उलटी होईल. पुढचं मी पुन्हा वाचणार नाही.

काकू त्या दिवशी ज्या जागी होत्या, तिथे आज तुम्ही आहात. फरक एवढाच, की तुमचं मूल अजून खोकतं आहे.

आपल्या केंद्राचे डॉक्टर आत बसले आहेत. स्पीकरच्या खोलीत. मीच त्यांना तिथे बसवलं आहे. त्यांच्याकडे इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, बाहेर गाडी उभी आहे. आज रात्री मुलाला कुठे न्यावं लागलं तर ते स्वतः बरोबर जातील. ते कुणाला रागावणार नाहीत. मी त्यांच्याकडून शब्द घेतला आहे. मीही रागावणार नाही, आणि हे मला जास्त अवघड आहे.

रंजनाला आपण आता वंदन करू. सगळ्यांनी उभं राहा. डोळे मिटा. हे मौन नेहमीएवढं नसेल. मी सांगेपर्यंत ते चालेल. त्या वेळात कुणी उठून बाहेर गेलं, घरी जाऊन कुणाला घेऊन आलं, त्या खोलीत गेलं, तर पावलं ऐकू येतील. येऊ देत. डोळे उघडायचे नाहीत. वळून बघायचं नाही. कुणी बघितलं तर ते मला दिसेल, कारण माझे डोळे उघडे असणार आहेत.

रंजना, तुझा माइक माझ्या हातात आहे. आता मी तो बंद करते.

*

सभेनंतर लिहिलेली नोंद.

मौन किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. सुरुवातीला पाऊस नव्हता, शेवटी होता. कुणी डोळे उघडले नाहीत.

सुपूर्द केलं ते असं. रंजनाच्या उरलेल्या गोळ्या, तांदळाच्या पिठासकट, हिराबाई म्हात्रे यांच्या हातून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे. स्पीकरच्या खोलीची चावी नरेश म्हात्रे यांच्याकडून माझ्याकडे. उद्या सकाळपासून पाण्याची सूचना मी देईन. संशोधनाची कुपी मागितलेली नाही. ती आहे तिथेच राहील.

आणि चादरीत गुंडाळलेलं एक मूल, अंगात ताप, आजोबांच्या खांद्यावरून डॉक्टरांच्या हाती. घेणाऱ्याची सही खाली आहे. देणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही.